रणजीमध्ये ‘आपला’ संघ कोणता?

आज जरा भडास काढतो. नळदुर्गच्या माणसाने रणजीमध्ये कोणाच्या बाजूने ओरडायचं? मुंबईकडे 42 विजेतेपदं आहेत, पण तो संघ वेगळा. विदर्भ 2017-18, 2018-19 आणि 2024-25 ला जिंकला. तोही वेगळा. आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या वाट्याला येतो ‘महाराष्ट्र’, आणि तो रणजी शेवटची जिंकलाय 1940-41 ला, प्रा. दि. ब. देवधर कॅप्टन असताना.

एका राज्याचे तीन संघ कसे? क्रिकेटच्या हद्दी 1960 च्या आधीच्या. राज्य एक झालं, संघटना वेगळ्याच राहिल्या. गंमत बघा, देवधरांच्या संघाने करंडक उचलला तेव्हा नळदुर्ग निजामाच्या राज्यात होतं. म्हणजे तो विजयही धड आपला नाही!

त्यानंतर तीन फायनल: 1970-71, 1992-93, 2013-14. तिन्ही हरलो. शेवटची जास्त लागली. त्या सीझनला केदार जाधवने 1223 रन काढलेले, आणि फायनल हैदराबादला, आपल्या गावावरून जाणाऱ्या हायवेवर सरळ पुढे. कर्नाटकने 7 विकेटनी हरवलं.

हां, टी-ट्वेंटीची मुश्ताक अली 2009-10 ला जिंकलो होतो. पण रणजी ती रणजी.

खेळाडू नाहीत म्हणावं, तर तसंही नाही. 2022 च्या विजय हजारे स्पर्धेत ऋतुराज गायकवाडने एका ओव्हरमध्ये 7 सिक्स मारले, एक नो बॉलवर. फायनलला परत शतक. जिंकलं कोण? सौराष्ट्र.