संगणकाच्या नाजूक प्रकृतीविषयी

दागिन्याला डाग देताना सोनार श्वास रोखून धरतो. सुई ओवताना शिंपी बोलणे थांबवतो. संगणकाचे सुटे भाग जोडणारी आमची पोरे मात्र एका हाताने मोबाइल धरून दुसऱ्या हाताने स्क्रू पिळत असतात! दुकानातून तयार संगणक आणण्याऐवजी भाग निवडून घरीच जोडण्याची हौस आता चंद्रपूर, वरोरा, बल्लारपूरच्या घरांतही शिरली आहे. हौस चांगलीच. त्यात चार पैसे वाचतात आणि यंत्राची भीती मोडते. पण हे भाग फार नाजूक प्रकृतीचे असतात, हे आधी कोणी सांगत नाही.

मराठीच्या मास्तराने यात का पडावे, असे कोणी विचारील. पण एका वेलांटीने ‘दिन’चा ‘दीन’ होतो, हे जन्मभर शिकवणाऱ्या माणसाला एका पिनेचे महत्त्व पटायला वेळ लागत नाही.

या भागांचा पहिला शत्रू डोळ्यांना दिसतच नाही. चंद्रपूरचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. २०१९ च्या मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. हवा अशी कोरडी ठणठणीत झाली, की घर्षणाने अंगावर वीज साठते. नायलॉनची साडी बदलताना किंवा थंडीत स्वेटर काढताना जी चटचट ऐकू येते, ती हीच. तिचा चटका माणसाला जाणवायला सुमारे तीन हजार व्होल्ट लागतात. संगणकातल्या काही चिप मात्र शंभराच्या आतच घायाळ होतात. म्हणजे आपल्याला काही कळण्याआधीच घात झालेला असतो. त्यातही तो भाग लगेच मरतोच असे नाही. कधी अर्धमेला होऊन चार महिन्यांनी दगा देतो, आणि आपण दुकानदाराला बोल लावतो.

यावर उपाय साधे आहेत. काम लाकडी टेबलावर करावे. सतरंजी, ब्लँकेट, थर्मोकोल दूर ठेवावे. अंगात सुती कपडे असावेत. पट्टीचा भाग कडेने धरावा. सोनेरी टोकांना बोट लावू नये. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला मधूनमधून हात लावावा. मनगटाला बांधायचा खास पट्टा मिळतो, तो अर्थिंगला जोडावा. त्यात दहा लाख ओहमचा रोध बसवलेला असतो आणि तोच माणसाचे रक्षण करतो. म्हणून पट्ट्याऐवजी नुसती तांब्याची तार गुंडाळण्याची अक्कलहुशारी कोणी करू नये.

अर्थिंगचा विषय निघालाच आहे, तर आमच्या गावची एक गंमत सांगतो. येथल्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. राज्यभर दिवे लावणारे हे शहर! पण इथल्याच कितीतरी जुन्या घरांत भिंतीवरच्या सॉकेटला तीन भोके असतात आणि मागे तारा दोनच. अर्थिंग नसेल, तर संगणकाच्या पत्र्यावर घरातल्या विजेच्या निम्म्याच्या आसपास दाब येऊन बसतो. हात लावला की मुंग्या येतात त्या याच कारणाने. प्रवाह अगदी थोडा असतो, पण केबल जोडताना नाजूक जोडण्या जाळायला तो पुरतो. ज्यांच्याकडे अर्थिंगचा खड्डा आहे, त्यांनी एप्रिल-मे महिन्यांत त्यात पाणी ओतावे. जमीन सुकली की अर्थिंगही सुकते. संगणकावर हजारो रुपये घालण्यापूर्वी वायरमनला बोलावून एवढे पाहून घ्यावे.

दुसरा शत्रू म्हणजे आपली घाई. इंटेलच्या २०२१ साली आलेल्या एका सॉकेटमध्ये १७०० पिना आहेत, केसासारख्या बारीक. प्रोसेसर वरून अलगद ठेवायचा असतो, दाबायचा नसतो. गेल्या वर्षी अहेरीकडचा एक विद्यार्थी असा मदरबोर्ड उशीच्या अभ्र्यात गुंडाळून एस. टी.ने चंद्रपूरला आला. प्रोसेसर हातातून निसटला आणि चार पिना वाकल्या. घरच्यांनी धान विकून पैसे दिलेले, दुकानात उत्तर मिळाले, “नवा घ्या.” शेवटी एका म्हाताऱ्या घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावले आणि सुईच्या टोकाने एकेक पीन शेजारणींच्या ओळीत आणून उभी केली. अर्धा तास गेला. पोराने विचारले, “काका, तुम्हाला कम्प्युटर येतो?” ते म्हणाले, “कम्प्युटर नाही येत बापा, पन घाई न करनं येते.”

सगळा विषय या एका वाक्यात आला. संगणक सुरू होईना म्हणजे तो मेलाच, असे नव्हे. रॅमची पट्टी काढून तिची टोके शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा बसवली, तर पुष्कळदा यंत्र जागे होते. तारीख रोज मागे जात असेल, तर ‘सीआर २०३२’ नावाचा तीन व्होल्टचा नाण्याएवढा सेल बदलावा. संगणक तापून बंद पडत असेल, तर प्रोसेसरवरचा लेप वाळलेला असतो. जुना पुसून वाटाण्याएवढा नवा घालावा. पुरणासारखा भरू नये! वरचा पंखा काढण्यापूर्वी यंत्र थोडा वेळ चालवून लेप मऊ करावा, मग वीज तोडून पंखा किंचित फिरवत उचलावा. ओढला, तर काही जुन्या बनावटींत प्रोसेसरही पिनांसकट उपटून येतो.

एका डब्याला मात्र हात लावू नये. वीज पुरवणारा ‘एसएमपीएस’चा डबा घरी उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज शिल्लक राहू शकते. तो जाणकारानेच उघडावा.

हे सारे शिकण्याची गरज मुंबई-पुण्याहून आमच्याकडे अधिक आहे. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा बहुतेक सगळा जंगलाचा. भामरागड, सिरोंच्याच्या मुलाचा एक भाग बिघडला, तर त्याचा सबंध दिवस प्रवासात जातो आणि परीक्षेच्या अर्जाची मुदत काही त्याच्यासाठी थांबत नाही. त्याच्या दृष्टीने दुरुस्ती ही काटकसर नव्हे. तीच त्याची वाट. सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले आहे. हक्क कागदावर आला; हात आपला आपणच तयार करायचा आहे.

दिवाळीचे दिवस त्याला सोयीचे. पावसाळ्याची ओल आणि कोळशाची काळी धूळ यांचा थर आत बसलेला असतो. ओली धूळ वीज वाहू लागते आणि पंख्यांचा श्वासही कोंडते. फराळाची भांडी घासून झाली, की एका दुपारी संगणकाची पीन भिंतीतून काढावी आणि झाकण उघडावे. मुलांना जवळ बसवावे. पंख्याची पाती बोटाने धरून मऊ ब्रशने धूळ झाडावी. पाती वाऱ्याने गरगरू देऊ नयेत. आणि तेवढा वेळ मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा.