कैरीचं पन्हं : उन्हाळ्यातलं पेय आणि त्यातलं विज्ञान



मार्च संपत आला की आपल्या सोलापुरात ऊन चटके द्यायला लागतं. एप्रिल-मे महिन्यात पारा 42-43 अंशांच्या पुढे जातो. शाळा सकाळची होते, तरी घरी जाताना मुलांची तोंडं लाल झालेली असतात. अशा दिवसांत घरोघरी कैरीचं पन्हं होतं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हं हवंच! हेच पन्हं आपण परिसर अभ्यासाच्या तासालाही वापरू शकतो. विरघळणं, बाष्पीभवन, घाम आणि थोडं गणित, सगळं त्यात आहे.

साहित्य

- कैऱ्या : मध्यम आकाराच्या 2 किंवा 3 (शिजवून साधारण 250 ग्रॅम गर निघेल इतक्या)
- किसलेला गूळ : 300 ग्रॅम
- मीठ : अर्धा चमचा
- वेलची पूड : पाव चमचा

कृती

1. कैऱ्या धुऊन, चीक काढून कुकरच्या भांड्यात ठेवा. तीन शिट्ट्या करा.
2. थोड्या निवल्या की साल काढा. कोयीला चिकटलेला गर हाताने नीट काढून घ्या.
3. गर कोमट असतानाच त्यात गूळ घाला आणि हलवत राहा. गुळात खडे, कचरा असेल तर तो आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवून गाळून घ्या.
4. मीठ, वेलची घालून मिश्रण गाळणीतून किंवा पुरणयंत्रातून काढा.
5. काचेच्या कोरड्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. आठवडाभर चांगलं राहतं. प्यायच्या वेळी पेल्यात मोठे दोन चमचे गर घालून थंड पाणी ओता.

एक काळजी घ्या. कैरी आंबट, म्हणजे आम्लयुक्त असते. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात पन्हं करू नका आणि ठेवूही नका. आम्लाची धातूशी क्रिया होऊन पन्हं कळकतं, ते पोटाला बाधतं. स्टील किंवा काच उत्तम.

गूळ कोमट गरातच का घालायचा?

गरम पाण्यात कण जास्त वेगाने हालतात, त्यामुळे गूळ-साखर लवकर विरघळते आणि जास्तही विरघळते. थंडगार पाण्यात साखर टाकली की ती तळाशी बसते, वरचा घोट फिका आणि शेवटचा घोट गोडमिट्ट! अमेरिकेच्या दक्षिण भागात उन्हाळ्यात दुधाशिवायचा गोड, थंड चहा पितात. तिथंही साखर चहा गरम असतानाच घालतात, मग तो गार करून बर्फावर ओततात. देश वेगळा, पेय वेगळं, पण नियम एकच.

वर्गातला प्रयोग : तीन सारखे पेले घ्या. पहिल्यात थंड पाणी आणि गुळाचा खडा, दुसऱ्यात गरम पाणी आणि तेवढाच खडा, तिसऱ्यात थंड पाणी आणि तेवढाच गूळ चुरा करून. न ढवळता पाहायचं. कुठला आधी विरघळला? मुलांना वेळ मोजून वहीत लिहायला सांगा. गरम पाणी मात्र शिक्षकांनीच ओतावं.

माठ आणि घाम

पन्ह्याला माठाचं पाणी छान लागतं. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते माठातली उष्णता घेऊन जातं. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी, म्हणून माठ चांगला गार होतो. कोकणात हवा दमट, तिथं तोच माठ तेवढा गार होत नाही.

आपलं शरीरही असंच काम करतं. घाम वाळतो आणि अंग गार होतं. पण इथंच गंमत संपते आणि काळजी सुरू होते. कोरड्या हवेत घाम इतक्या पटकन वाळतो की किती पाणी गेलं ते मुलांना कळतच नाही. "सर, मला घामच नाही आला," असं म्हणणाऱ्या मुलालाही पाण्याची गरज असते. म्हणून तहान लागायची वाट न बघता दर तासाला पाणी प्यायची सवय लावा.

आता गणित

वरच्या प्रमाणात साधारण 12 पेले पन्हं होतं. 300 ग्रॅम गूळ भागिले 12, म्हणजे पेल्याला 25 ग्रॅम. एक पेला 200 मिलिलिटरचा धरला तर लिटरमागे 125 ग्रॅम गूळ झाला.

जुलाब झाल्यावर घरी देतात ते साखर-मिठाचं पाणी आठवा : 1 लिटर उकळून गार केलेलं पाणी, 6 सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. यात साखर जेमतेम 25 ते 30 ग्रॅम. म्हणजे पन्हं त्याच्या चौपटीहून गोड! जास्त गोड पेय आतड्यात पाणी ओढून घेतं आणि जुलाब वाढू शकतात. म्हणून पालकांनो, जुलाब-उलटी होत असलेल्या लेकराला पन्हं, सरबत किंवा बाटलीतलं थंड पेय देऊ नका. ओआरएसच द्या आणि डॉक्टरांना दाखवा. निरोगी मुलालाही पन्हं दिवसाला एखादा पेला पुरे, बाकी साधं पाणी.

उन्हात मूल बरळायला लागलं, अंग भाजल्यासारखं तापलं किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला आणि लगेच 108 वर फोन करा. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पन्हंच काय, पाणीसुद्धा घालायचं नाही.

शेवटचं, पाण्याबद्दल. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, म्हणून आपण ते साठवतो. पन्ह्यासाठी आणि बर्फासाठी उकळून गार केलेलंच पाणी वापरा. बर्फ झाला म्हणून पाण्यातले जंतू मरत नाहीत.

स्वाध्याय

1. फ्रिजमधलं पन्हं आणि तेच पन्हं अर्ध्या तासाने चाखा. कुठलं जास्त गोड लागलं? (थंडपणामुळे जिभेला गोडी कमी जाणवते.)
2. गूळ 240 ग्रॅम घेतला तर 12 पैकी प्रत्येक पेल्यात किती गूळ येईल?
3. आजीला विचारा : फ्रिज नव्हता तेव्हा पाणी गार कसं ठेवायचे?

उत्तरं वहीत लिहा आणि घरी एकदा पन्हं करून बघा!