दोन अंकांची अदलाबदल

घरात कोणाचे पारपत्र म्हणजे पासपोर्ट असेल, तर वडीलधाऱ्यांना विचारून तो थोडा वेळ मागून घ्या. छायाचित्र असलेल्या पानाच्या तळाशी दोन ओळी दिसतील. अक्षरे, आकडे आणि मधूनमधून बाणाच्या टोकासारख्या खुणा यांची ती नुसती रांग आहे. प्रत्येक ओळीत बरोबर ४४ चिन्हे. मोजून पाहा. या ओळी माणसांसाठी नाहीत, यंत्रांसाठी आहेत. पण त्यांतले एक चिन्ह आज आपण समजून घेणार आहोत, कारण त्याच्याअभावी आमच्या ताथवड्यातील एका कुटुंबाची चांगलीच फजिती झाली.

आमच्या शेजारचे हे कुटुंब. वडील चाकणच्या एका कारखान्यात अभियंता, आई शिक्षिका, मुलगी नववीत. मे महिन्याच्या सुट्टीत केनियातले सिंह-हत्ती पाहायला जायचे ठरले. जानेवारी २०२४ पासून केनियाने सर्वच देशांच्या लोकांसाठी व्हिसा रद्द केला आहे. हे ऐकून ‘म्हणजे आता तिकीट काढले की झाले’ असे कोणालाही वाटेल. तसे नाही. भारतातून जाणाऱ्याने निघण्यापूर्वी संगणकावरून अर्ज करून ‘इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी’ घ्यावी लागते. घरात संगणकाचे काम मुलीकडे. सहल आखून देणाऱ्याने पाठवलेल्या तक्त्यात तिने तिघांची माहिती भरली, त्यावरून अर्ज गेले आणि तिघांच्या परवानग्या आल्या.

मुंबईच्या विमानतळावर सामान देण्याच्या खिडकीशी घोटाळा उघडकीस आला. बाप-लेकीची परवानगी जुळली, आईची जुळेना. तिच्या पारपत्राच्या क्रमांकातील शेजारचे दोन आकडे उलटसुलट पडले होते. बाकी नाव, जन्मतारीख, छायाचित्र सारे बरोबर. पण उपयोग नाही! शेवटी आई म्हणाली, “तुम्ही पुढे व्हा, मी येते मागून.” नवी परवानगी मिळवून ती चौथ्या दिवशी तिकडे पोचली. तिचे पहिले तिकीट बुडाले आणि लेकीने तीन रात्री झोप घेतली नाही.

तुम्ही म्हणाल, समोर माणूस उभा आहे, हातात खरे पारपत्र आहे, मग दोन आकड्यांसाठी एवढे कशाला अडवायचे? याचे उत्तर या परवानगीच्या स्वरूपातच आहे. जुन्या पद्धतीचा व्हिसा म्हणजे पारपत्रात चिकटवलेला किंवा उमटवलेला कागद. तो पारपत्राबरोबर प्रवास करतो. ही नवी परवानगी पारपत्रात नसतेच. ती त्या देशाच्या संगणकात एक नोंद म्हणून पडून असते आणि पारपत्राचा क्रमांक ही तिला बांधलेली दोरी असते. तुम्ही छापून नेलेला कागद ही केवळ त्या नोंदीची प्रत. क्रमांक चुकला म्हणजे परवानगी अस्तित्वात नसलेल्या कोणा पारपत्राला मिळाली, असाच त्याचा अर्थ. म्हणूनच पारपत्र नवे काढले, की क्रमांक बदलतो आणि जुनी परवानगी निकामी होते.

ही तपासणी तिकडे उतरल्यावर न होता मुंबईतच का झाली? परवानगी नसलेला प्रवासी नेऊन पोचवला, तर त्याला परत आणण्याचा भार विमान कंपनीवर पडतो. त्यामुळे परदेशाची वेस आता आपल्याच विमानतळावरच्या खिडकीपर्यंत आली आहे.

ही कल्पना प्रथम ऑस्ट्रेलियाने १९९६ साली अमलात आणली. सिडनीला २००० साली ऑलिंपिक सामने व्हायचे होते आणि येणाऱ्यांची रीघ लागणार हे दिसत होते. पुढे अमेरिकेने ज्या देशांच्या लोकांना व्हिसा लागत नाही त्यांच्यासाठी जानेवारी २००९ पासून अशी परवानगी सक्तीची केली, श्रीलंकेने २०१२ पासून. ब्रिटनची परवानगी जानेवारी २०२५ मध्ये मॉरिशसच्या नागरिकांना लागू झाली, आणि मॉरिशसमध्ये मराठी माणसांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे. एप्रिल २०२५ पासून ती युरोपातील देशांच्या नागरिकांनाही लागली, तेव्हा पोर्तुगालचे पारपत्र असलेली गोव्याची मंडळीही त्यात आली. आपल्या भारतीय पारपत्रावर मात्र ब्रिटनला व्हिसाच लागतो. म्हणजे गोव्यातल्या एकाच घरातून लंडनला निघालेल्या दोन भावांना दोन वेगळे नियम असू शकतात.

आता त्या मुलीकडे वळू. परत आल्यावर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “काका, आधारचा क्रमांक चुकवला तर यंत्र लगेच ‘चूक’ म्हणून सांगते. मग इथे का नाही सांगितले?”

प्रश्न लाखमोलाचा! यंत्राला चूक कळण्यासाठी क्रमांकात थोडी ‘जादा’ माहिती लागते. पारपत्राच्या तळाच्या दुसऱ्या ओळीत अशी माहिती आहे. त्या ओळीतील पहिली नऊ चिन्हे पारपत्राच्या क्रमांकाची. आपला क्रमांक एक अक्षर आणि सात आकडे असा आठ चिन्हांचा, म्हणून नवव्या जागी बाणाची खूण येते. दहावे चिन्ह हा ‘तपास-अंक’. माँट्रियल येथील आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने यंत्रवाचनीय पारपत्राचे नियम १९८० साली प्रथम प्रसिद्ध केले. तपास-अंक काढण्याची रीत याच संघटनेच्या नियमांत दिली आहे. ती सातवीच्या मुलालाही जमेल.

इंग्रजी ए म्हणजे १०, बी म्हणजे ११, असे करत झेड म्हणजे ३५ धरा. आकडे जसेच्या तसे. बाणाची खूण म्हणजे शून्य. आता पहिल्या चिन्हाला ७ ने, दुसऱ्याला ३ ने, तिसऱ्याला १ ने गुणा, पुढे पुन्हा ७, ३, १. सर्व गुणाकारांची बेरीज करा आणि तिला १० ने भागा. उरेल ती बाकी म्हणजे तपास-अंक.

मी मनानेच केलेला एक क्रमांक घेऊ: क्यू ४०८३१९६. क्यू म्हणजे २६. गुणाकार असे येतात: १८२, १२, ०, ५६, ९, १, ६३, १८ आणि बाणाचा ०. बेरीज ३४१, बाकी १. म्हणून तपास-अंक १.

आता आपल्या मैत्रिणीसारखी चूक करू. १९ ऐवजी ९१ लिहू. १ आणि ६३ यांच्या जागी ९ आणि ७ आले. बेरीज २९३, बाकी ३. तपास-अंक तर १ आहे! चूक पकडली गेली. कोणताही एकच आकडा चुकला तरी ती पकडली जाते, कारण ७, ३ आणि १ यांपैकी कोणाचाही १० शी (एक सोडून) सामाईक विभाजक नाही. ७ ऐवजी ५ घेतले असते तर काय झाले असते, हे करून पाहा.

मग तिची चूक का निसटली? कारण पानाच्या वरच्या बाजूस माणसांसाठी छापलेल्या क्रमांकात तपास-अंक नसतोच. तिने तोच क्रमांक हाताने भरला. यंत्रासमोर आठ चिन्हे आली, आणि तशी कोणतीही आठ चिन्हे खरी असू शकतात. पानाचे छायाचित्र घेऊन तळाची ओळ यंत्राकडूनच वाचून घेतली, तर तपास-अंक कामाला येतो. अर्ज हाताने भरताना ते काम आपणच करायचे. एकाने पारपत्रातून मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने भरलेल्या अर्जावर बोट ठेवून जुळवायचे.

अर्थात ही रीतही अगदी अचूक नाही. वरच्याच क्रमांकात ८३ ऐवजी ३८ लिहा. ५६ आणि ९ ऐवजी २१ आणि २४. बेरीज ३२१, बाकी पुन्हा १! यंत्र फसले. शेजारच्या ज्या दोन आकड्यांत ५ चा फरक आहे त्यांची अदलाबदल या रीतीला दिसत नाही. ७, ३ आणि १ यांतील आपसातले फरक ४, २ आणि ६, सगळे सम. सम संख्येला ५ ने गुणले की शेवटी शून्य आलेच. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक मात्र याकोबस व्हेरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ साली मांडलेल्या रीतीने काढतात. ती शेजारच्या आकड्यांची प्रत्येक अदलाबदल पकडते. पण तिला साध्या गुणाकार-बेरजेऐवजी निराळेच कोष्टक लागते.

आमच्या शेजारणीने आता या खेळाचा नादच घेतला आहे. परवा ती नवा शोध घेऊन आली. काही देशांच्या क्रमांकांत अक्षरे आणि आकडे मिसळलेले असतात. तिथे ओ आणि शून्य, एस आणि ५, बी आणि ८ यांची गल्लत झाली तर तपास-अंक ती पकडतो. पण दिसायला सारखी अशी एक जोडी तिला सापडली, जिची गल्लत यंत्राला कळत नाही. ते अक्षर म्हणजे जी, १६, आणि आकडा ६.