उंदरावर ठरलेला रंग आणि माणसावर उडणारा फवारा

पावसाने उघडीप दिली की सिल्लोड, कन्नड, पैठण, फुलंब्रीकडे कपाशीवर फवारणी सुरू होते. याच दिवसांत छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयासह मराठवाड्यातील सरकारी रुग्णालयांत विषबाधेचे रुग्ण येतात. डोळ्यांची आग, मळमळ, तोंडातून लाळ, दरदरून घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, छातीत कोंडल्यासारखे होणे. काहींनी औषध प्यायलेले असते. काहींनी मात्र फक्त फवारलेले असते. अशा वेळी नातेवाईक हमखास विचारतात, ‘‘डॉक्टर, डब्यावर लाल नाही, निळा त्रिकोण होता. मग एवढं कसं झालं?’’

उत्तर हवे असेल तर हा रंग ठरतो कसा ते पाहावे लागते. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार प्रत्येक डब्यावर रंगीत त्रिकोण छापावा लागतो. लाल म्हणजे सर्वांत विषारी. त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. या रंगामागे एक आकडा असतो : ज्या मात्रेने प्रयोगातील निम्मे प्राणी मरतात ती मात्रा. तिला ‘एलडी ५०’ म्हणतात. तोंडावाटे दिल्यावर प्राण्याच्या वजनाच्या दर किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेत हे घडले तर लाल, ५१ ते ५०० ला पिवळा, ५०१ ते ५००० ला निळा आणि त्यापुढे हिरवा. त्वचेवाटे देण्याच्या चाचणीचेही असेच आकडे आहेत. जे. डब्ल्यू. ट्रेव्हन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये ही पद्धत मांडली, ती डिजिटॅलिससारख्या औषधांची ताकद मोजण्यासाठी. पुढे तीच विषाची मोजपट्टी झाली.

म्हणजे त्रिकोण एवढेच सांगतो, की एका मात्रेने किती प्राणी मेले. श्वासावाटे किती गेले, हे या रंगात धरलेलेच नाही. शेतकरी तर सहा-सात तास फवारा अंगावर घेतो. पाठीवरचा पंप गळतो, सदरा भिजतो, घामाने ओली त्वचा औषध अधिक शोषते. शिवाय पंपात बहुधा दोन-तीन औषधे एकत्र असतात. डब्यावरचा रंग त्या डब्यापुरता असतो; पंपातल्या मिश्रणाला कोणताच रंग नसतो.

हा फरक किती महागात पडतो, ते २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्याने पाहिले. कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि २० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, उकाडा, औषधांची मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव अशी अनेक कारणे पुढे आली. राज्य सरकारने विदर्भातील काही जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. त्या औषधांच्या डब्यांवरही रंगीत त्रिकोण होतेच.

दुसरी अडचण प्राण्यांच्या शरीराची. पॅरासिटामॉल माणसाला योग्य मात्रेत चालते, पण मांजराला एक गोळीही घातक ठरू शकते. काही ऑर्गॅनोफॉस्फेट रसायनांमुळे माणसाचे पाय दोन-तीन आठवड्यांनी लुळे पडू लागतात. हा परिणाम उंदरात नीट दिसत नाही, म्हणून त्यासाठी कोंबडीवर चाचणी करावी लागते. उंदीर केवळ नाकाने श्वास घेतो. ओझे घेऊन चालणारा माणूस तोंडानेही घेतो. त्यामुळे फवाऱ्याचे थेंब दोघांच्या श्वसनमार्गात वेगवेगळ्या जागी बसतात.

म्हणूनच प्राण्यांशिवाय रसायनांची सुरक्षितता तपासण्याच्या पद्धतींकडे केवळ भूतदयेचा विषय म्हणून पाहणे पुरेसे नाही. प्रश्न माणसाचा असेल, तर तो माणसाच्याच पेशींना विचारावा, हा त्यामागचा विचार आहे.

असे काम आज होतेही आहे. माणसाच्या त्वचेच्या पेशींपासून प्रयोगशाळेत त्वचेचा छोटा तुकडा वाढवतात आणि रसायनाने तो जळतो की नुसता चुरचुरतो, हे पाहतात. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने ही चाचणी अधिकृत मानली आहे. भारत या संघटनेचा सदस्य नसला, तरी चाचण्यांचे अहवाल परस्पर मान्य करण्याच्या तिच्या व्यवस्थेत २०११ पासून सामील आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट औषधे शरीरातील कोलिनएस्टरेज हे विकर बंद पाडतात. तेच विकर माणसाच्या तांबड्या पेशींत असते, त्यामुळे कोणते औषध ते किती जोराने रोखते, हे परीक्षानळीतही मोजता येते.

फवारणीशी थेट जोडलेले उदाहरण क्लोरोथॅलोनिल या बुरशीनाशकाचे आहे. ते श्वासावाटे गेल्यास काय होईल, हे ठरवण्यासाठी मानवी श्वसनमार्गाच्या पेशींवर चाचणी केली गेली. थेंब माणसाच्या नाका-घशात कुठे बसतील याचे संगणकावर गणित मांडले गेले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१८ मध्ये ही पद्धत तज्ज्ञांच्या समितीपुढे तपासायला ठेवली.

पण या पद्धतींनाही मर्यादा आहेत. बशीतल्या पेशींना यकृत नसते. मॅलॅथिऑनसारखे औषध शरीरात गेल्यावर यकृतात बदलते आणि तेव्हा खरे विषारी होते. ही पायरी चाचणीत धरली नाही, तर विष सौम्य वाटेल. गर्भावरचा परिणाम किंवा वर्षानुवर्षे थोडे थोडे विष शरीरात जाण्याचा परिणाम एका चाचणीने कळत नाही. म्हणून पेशी, संगणक आणि माणसांत आधी झालेल्या विषबाधांच्या नोंदी यांची सांगड घालावी लागते. इथे सरकारी रुग्णालयाचा केसपेपर मोलाचा ठरतो. कोणते औषध, कशात मिसळले, किती तास फवारले, हे त्यावर नीट लिहिलेले असेल, तर ती माणसाचीच माहिती असते. ‘अनोळखी विषबाधा’ एवढीच नोंद असेल, तर त्यातून कोणीच काही शिकत नाही.

कायदाही हळूहळू सरकतो आहे. भारताने २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर बंदी घातली. २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन मानवी पेशी, चिपवरील अवयव आणि संगणकीय पद्धतींना वाट मिळाली. कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंग मात्र अजून त्याच जुन्या मोजपट्टीवर ठरतो.

तोवर त्रिकोणाचा अर्थ नेमका लक्षात ठेवावा. लाल रंग थोड्या मात्रेतही घात होईल असे सांगतो. निळा किंवा हिरवा रंग अभय देत नाही. लेबलवर सांगितलेले नसेल तर औषधे एकत्र करू नयेत. हातमोजे, मास्क, अंगभर कपडे घालावेत, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. त्रास जाणवताच फवारणी थांबवावी, भिजलेले कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवावे आणि रुग्णालय गाठावे. दूध, तूप, मिठाचे पाणी पाजण्यात वेळ घालवू नये. अ‍ॅट्रोपिन ऑर्गॅनोफॉस्फेटवर उपयोगी पडते, पण प्रत्येक कीटकनाशकावर उतारा नाही. म्हणून मिसळलेल्या प्रत्येक औषधाचा डबा, निदान त्याच्या लेबलचा मोबाइलवर काढलेला फोटो सोबत न्यावा. डॉक्टरांना रंगापेक्षा औषधाचे नाव अधिक कामाचे असते.