दौंडच्या फलाटावरची तेवीस मिनिटं

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दौंड स्टेशनात गाडी धरायला येणाऱ्याची फसगत व्हायला एक कारण पुरेसं होतं. सूर्य डोक्यावर आला, म्हणजे बारा वाजले. पण स्टेशनच्या घड्याळात तेव्हा १२ वाजून २३ मिनिटं झालेली असायची. रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावत होती. उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर असलेल्या शिरूरला हा घोळ नव्हता, कारण तिथे रेल्वेच नव्हती. घोडनदीकाठी ऊन सांगेल ती वेळ.

फलाटावरची ही २३ मिनिटं म्हणजेच रेखांश. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. २३ला चाराने भागा : दौंड मद्रासच्या पश्चिमेला सुमारे पावणेसहा अंशांवर.

दर्यावर नेमकं हेच साधत नव्हतं. सूर्य खलाशालाही दिसे. पण त्याच क्षणी मायदेशी किती वाजले, हे सांगणारं घड्याळ त्याच्यापाशी नव्हतं. लंबकाचं घड्याळ लाटांवर बिघडे. गॅलिलिओने गुरूचे चंद्र हेच घड्याळ मानायचं सुचवलं. हलत्या डेकवरून ते दुर्बिणीत धरायचे कसे? १७०७ साली सिली बेटांजवळ ब्रिटिश आरमाराच्या चार युद्धनौका खडकांवर आपटून बुडाल्या. सात वर्षांनी पार्लमेंटने दर्यावर रेखांश काढण्याच्या रीतीसाठी २०,००० पौंडांचं बक्षीस लावलं. त्यासाठी आयुष्य झिजवलं जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने. त्याचं चौथं घड्याळ १७६१ साली जमैकाच्या सफरीला निघालं आणि ८१ दिवसांत जेमतेम पाच सेकंद मागे पडलं. दौंडच्या अक्षांशावर पाच सेकंद म्हणजे दोन किलोमीटरांहून थोडं जास्त अंतर.

आपल्याकडे हा हिशेब जुनाच. सूर्यसिद्धान्तात मध्यरेषा उज्जयिनीवरून जाते आणि देशांतर, म्हणजे त्या रेषेपासूनचा रेखांशाचा फरक, काढायला चंद्रग्रहण सांगितलं आहे : गणिताने आलेल्या वेळेआधी ग्रहण दिसलं तर गाव पश्चिमेला, नंतर दिसलं तर पूर्वेला. २४ सेकंदांचं एक पळ. या मापाने दौंड उज्जैनच्या पश्चिमेला सुमारे १२ पळं, शिरूर १४. दोन शेजारी तालुक्यांच्या गावांत फरक दोन पळांचा! लग्नाच्या मुहूर्ताला घटिकापात्र बुडण्याची वाट पाहणाऱ्या वऱ्हाडाला मात्र तो कधी जाणवला नसेल.

मुंबईत १८२६ साली कुलाबा वेधशाळा उभी राहिली ती खगोलाचे वेध आणि जहाजांसाठी अचूक वेळ यांच्या गरजेतून. पुढे पुण्यात गणित शिकवणारे केरुनाना छत्रे उमेदीच्या काळात याच वेधशाळेत कामाला होते. त्यांची 'ग्रहसाधनाची कोष्टके' पंचांगशुद्धीच्या कामी आली.

पण घड्याळ अचूक असलं, तरी जिथून मोजायचं ती जागाच चुकली तर? भारताची महात्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन १८२३ साली हिंगणघाटला वारला. त्या मोजणीतले रेखांश मद्रास वेधशाळेला बांधलेले, आणि तिचा रेखांश आकाशातल्या वेधांवरून ठरवलेला. पुढे तारायंत्राने वेळा जुळवल्या तेव्हा कळलं, की चूक सुमारे दहा सेकंदांची आहे. दहा सेकंद! तेवढ्याने दौंड, शिरूर आणि त्यांच्यासोबत अख्खा देश जुन्या नकाशांवर पूर्वेला सरकला होता. आपल्या भागात चारएक किलोमीटर.

१ जानेवारी १९०६पासून साडेब्याऐंशी अंशांवरची वेळ देशाची झाली. मुंबई महापालिका अडून बसली. तिची घड्याळं १९५५पर्यंत मुंबईच्याच वेळेवर, म्हणजे ३९ मिनिटं मागे, चालत राहिली. हट्टाला शास्त्र होतं; मुंबईचा सूर्य मुंबईचाच.

दौंड स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची सापडते, रेखांश नाही. तो एका काठीने काढता येतो. एप्रिलच्या मध्यावर काठी उभी रोवावी आणि सावली सर्वांत आखूड कधी होते ते पाहावं. घड्याळात १२ वाजून ३२ मिनिटं झालेली असतील. ३२ भागिले चार, आठ अंश. साडेब्याऐंशीतून वजा करता साडेचौऱ्याहत्तर. खरा आकडा ७४ अंश ३५ मिनिटांच्या आसपास. म्हणजे काठीवाला दौंडात उभा राहून स्वतःला नऊएक किलोमीटर पश्चिमेला, पाटस गावाच्या वाटेवर समजेल.