उंटाच्या रेताचे जतन : गरज, प्रक्रिया आणि मर्यादा

प्रस्तावना :
भारतातील उंटांची संख्या वेगाने घटत आहे. २०१२ च्या पशुगणनेत ती सुमारे ४ लाख होती. २०१९ च्या पशुगणनेत ती सुमारे २.५ लाखांवर आली. यांपैकी बहुसंख्य उंट राजस्थानात आहेत. बिकानेरी, जैसलमेरी, मेवाडी, कच्छी यांसारख्या जातींचे कळप लहान होत गेले, की जातिवंत नर दुर्मीळ होतात आणि तोच नर पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेल्याने अंतःप्रजननाचा धोका वाढतो. गाय व म्हैस यांच्या बाबतीत गोठविलेले रेत आणि कृत्रिम रेतन यांमुळे हा प्रश्न बराच सुटला. उंटाच्या बाबतीत मात्र तसे घडलेले नाही. त्यामागील कारणांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उंटाच्या प्रजननाची वैशिष्ट्ये :
उंट हा हंगामी प्रजनन करणारा प्राणी आहे. राजस्थानात नर साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या थंडीच्या काळात माजावर येतो. उन्हाळ्यात रेतसंकलन जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे हंगामात मिळालेले रेत टिकविणे महत्त्वाचे ठरते. उंटिणीचा गर्भकाळ सुमारे तेरा महिन्यांचा असून दोन वेतांत बहुधा दोन वर्षांचे अंतर पडते. म्हणजेच एक हंगाम वाया जाणे ही पशुपालकाची मोठी हानी होय.

संकलन व जतन :
गायवळूपेक्षा उंटाचे संकलन वेळखाऊ असते. उंटाचा समागम बसलेल्या स्थितीत होतो आणि तो कित्येक मिनिटे चालतो. वीर्यस्खलनही टप्प्याटप्प्याने होते. कृत्रिम योनीच्या साहाय्याने मिळणारे रेत बहुधा २ ते १० मिलिलिटर असते. ते अतिशय चिकट असल्याने शुक्राणू त्यात अडकून राहतात. ते जागच्या जागी थरथरतात, पण पुढे सरकत नाहीत. अशा रेतात पोषक द्रावण एकजीव होत नाही व शुक्राणूंची प्रतही अचूक पारखता येत नाही. म्हणून रेत प्रथम सैल होऊ द्यावे लागते. पपईतील पपेन या विकराचाही त्यासाठी उपयोग केला जातो. मात्र त्याचे प्रमाण वा काळ चुकल्यास शुक्राणूंना इजा पोहोचू शकते.

त्यानंतर रेतात अंड्यातील पिवळा बलक असलेले द्रावण मिसळतात. बलक शुक्राणूंच्या आवरणाचे थंडीच्या आघातापासून रक्षण करतो. अशा रीतीने सुमारे ४ ते ५ अंश सेल्सिअसला ठेवलेले रेत एक-दोन दिवस वापरता येते. दीर्घकालीन जतनासाठी त्यात ग्लिसरॉल मिसळतात, जेणेकरून पेशीत बर्फाचे घातक स्फटिक तयार होणे कमी होते. मग बारीक नळ्यांत भरलेले रेत नायट्रोजनच्या वाफेत थंड करून उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवले जाते.

खरी अडचण :
गाय ठरावीक चक्राने माजावर येते व तिचे स्त्रीबीज आपोआप सुटते. उंटिणीत ते समागमानंतरच सुटते. त्याची चालना प्रामुख्याने शुक्रद्रवातील एका प्रथिनापासून मिळते. उंटकुळातील लामा या प्राण्याच्या अभ्यासातून ते प्रथिन म्हणजे चेतापेशींची वाढ करणारा घटक असल्याचे २०१२ मध्ये स्पष्ट झाले. प्रयोगशाळेत अडथळा ठरणाऱ्या त्याच द्रवात गर्भधारणेचा संकेत दडलेला असतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. रेत विरल केले, की हा संकेत क्षीण होतो. म्हणून सोनोग्राफीने बीजपुटक पक्व झाल्याची खात्री करून उंटिणीला संप्रेरकाचे इंजेक्शन द्यावे लागते. त्यानंतर साधारणतः २४ ते ३६ तासांत बीज सुटते व त्या बेताने रेतन करावे लागते. वाळवंटात भटकणाऱ्या कळपाबाबत हे सर्व साधणे सोपे नाही. शिवाय, गोठविलेल्या रेतापासून होणाऱ्या गर्भधारणेचे प्रमाण अद्याप कमी व अनिश्चित आहे.

संस्थात्मक प्रयत्न :
बिकानेर येथे १९८४ मध्ये सुरू झालेले व आज राष्ट्रीय उष्ट्र अनुसंधान केंद्र म्हणून ओळखले जाणारे केंद्र या विषयावर कार्य करीत आहे. दुबईतील उंट प्रजनन केंद्रानेही कृत्रिम रेतन व भ्रूणरोपण यांवर दीर्घकाळ संशोधन केले आहे. तेथील भर मुख्यतः शर्यतीच्या उंटांवर आहे. भारतातील निकड जातींच्या संवर्धनाची आहे.

समारोप :
उंटाच्या रेताचे जतन हा केवळ शीतकरणाचा प्रश्न नाही. चिकटपणा, ऋतू आणि बीजोत्सर्ग या तिन्हींचा एकत्रित विचार केल्याशिवाय तो सुटणार नाही. तथापि, आज गर्भधारणेचे प्रमाण कमी असले तरी दुर्मीळ जातींच्या निवडक नरांचे रेत साठवून ठेवणे योग्यच ठरेल. कारण तंत्र उद्या सुधारता येईल, परंतु नष्ट झालेली जात परत आणता येणार नाही. मात्र, रेतपेढी म्हणजे कळप नव्हे. चराऊ कुरणे आणि रायका-रेबारी समाजाचे पशुपालन टिकले, तरच साठविलेल्या रेताला उंटीण मिळेल.