डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा
डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा हा गाव नमुना ७ आणि १२ यांचा, महाराष्ट्र शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मिळणारा उतारा होय. ही सेवा १ मे २०१८ रोजी सुरू झाली. सातारा, सांगलीसह राज्यभरातील शेतकऱ्यांना तो १५ रुपये शुल्क भरून संगणकावर उतरवून घेता येतो.

ही स्वाक्षरी म्हणजे सहीचे चित्र नव्हे. ती मजकुराशी गणिती पद्धतीने बांधलेली असते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार तिला कायदेशीर मान्यता आहे. स्वाक्षरीनंतर मजकुरात फेरफार झाल्यास पीडीएफ वाचकातील पडताळणीत तो उघड होतो. त्यामुळे टिपा व खुणा मूळ फाइलवर न करता तिच्या प्रतीवर करणे इष्ट ठरते. छापील कागदावर ही तपासणी शक्य नसते. तेथे उताऱ्यावरील पडताळणी क्रमांक संकेतस्थळावर नोंदवून खातरजमा करतात.